युंगफ्राउ-इंटरलाकेनला जाताय? या चुका टाळा

मी स्वित्झर्लंडमध्ये बर्नला राहतो, तिथून इंटरलाकेन ट्रेनने तासाभरावर, त्यामुळे दरवर्षी पुण्या-नाशिकहून कुणी ना कुणी येतं आणि त्यांना फिरवायचं काम माझ्याकडे असतं. मनापासून आवडतं मला ते. पण त्याच त्याच चुकांनी लोकांचा दिवस आणि पैसा वाया जाताना बघून वाईट वाटतं, म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे युंगफ्राउयोखची, म्हणजे युंगफ्राउ शिखराजवळच्या बर्फाळ खिंडीतल्या रेल्वे स्टेशनला जायची, तारीख घरूनच पक्की करणं. आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा मीच महिनाभर आधी तिकिटं काढून ठेवली होती, सवलतीचा पास नसेल तर माणशी २०० फ्रँकच्या वर जातात, आणि त्या दिवशी वर पोचलो तर चारी बाजूंना नुसतं पांढरं. बाबा खिशातून रुमाल काढून काच पुसत राहिले, त्यांना वाटलं काचेवर वाफ धरलीये. काच स्वच्छच होती, बाहेर ढग होता. तो रुमाल अजून डोळ्यासमोर येतो.

तेव्हापासून माझा नियम असा की राहायचं तीन-चार दिवस, आणि कुठला डोंगर कधी हे सकाळी ७ला वेबकॅम बघून ठरवायचं. जवळजवळ प्रत्येक शिखराचा लाईव्ह कॅमेरा असतो, फुकट दिसतो. मोकळं दिसलं की लगेच निघायचं, उन्हाळ्यात दुपारनंतर ढग जमून गडगडाट सुरू होतो म्हणून सकाळच धरायची. आणि खिडकीतून धुकं दिसलं म्हणून रूमवर बसून राहू नका! इंटरलाकेन साधारण ५७० मीटरवर आहे, हिवाळ्यात धुकं खालीच साचून राहतं आणि वर मेनलिखेनच्या डोंगरावर लख्ख ऊन असतं. आई-बाबांना नंतर तिथेच नेलं, समोर आयगर शिखर उभं, बाबा बाकावरून तासभर हलले नाहीत.

पाऊसच असेल तर? मग लाउटरब्रुनेनजवळ ट्रुमेलबाखला जा. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउच्या हिमनद्यांचं पाणी इथे डोंगराच्या पोटातून कोसळतं, आत १० धबधबे, भर उन्हाळ्यात सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत पाणी, आणि बोगद्यात उभं राहिलं की दगड थरथरतोय असं पायाला जाणवतं. पावसाने काही बिघडत नाही. फक्त ४ वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत, आणि हिवाळ्यात बंद असतं.

दुसरी चूक, जाहिरातीत बारा महिने चालू वाचून सगळंच बारा महिने चालू आहे असं धरून चालणं. युंगफ्राउयोखची ट्रेन वर्षभर चालते हे खरं. पण इंटरलाकेनच्या वरचा हार्डर कुल्म हा व्ह्यूपॉइंट हिवाळ्यात बंद, शिनिगे प्लाटे डोंगरावरची १८९३ पासूनची दातेरी रुळांची गाडी साधारण जून ते ऑक्टोबरच, ब्रिएन्झची वाफेची गाडीही उन्हाळ्यापुरतीच. शिवाय एप्रिल आणि नोव्हेंबरात बऱ्याच केबल कार देखभालीसाठी काही दिवस बंद ठेवतात. आपल्या लोकांची सगळ्यात जास्त फसगत मे महिन्यात होते, कारण शाळेला सुट्टी तेव्हाच. खाली दरी हिरवीगार असते आणि वर वाटांवर अजून बर्फ, ग्रिंडेलवाल्ड गावाच्या वरच्या फर्स्ट या केबल कार स्टेशनवरून बाखआल्पसे तळ्याला जावं तर ते बहुतेक वेळा गोठलेलंच. फोटोतलं निळं तळं हवं असेल तर जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत या. मेमध्येच यायचं असेल तर धबधबे, दऱ्या आणि थुन आणि ब्रिएन्झ तलावांतल्या बोटी यांवर भर द्या, वितळणाऱ्या बर्फामुळे धबधबे तेव्हा जोरात असतात, लाउटरब्रुनेनचा २९७ मीटरचा श्टाउबबाख तर गावातूनच दिसतो.

उंचीला हलकं घेऊ नका. युंगफ्राउयोख स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त, आणि तुम्ही तिथे दोनेक तासांत बसल्या जागी पोचता. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश. वाटेत आइसमेअर स्टेशनला गाडी काही मिनिटं थांबते, लोक पळत खिडकीकडे जातात आणि परत येताना धापा टाकतात. सावकाश चाला, पाणी पीत राहा, डोकं दुखायला लागलं किंवा मळमळलं तर फोटो राहू द्या आणि पुढची गाडी पकडून खाली या. हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचाराच. जुलैतही वर पारा शून्याच्या आसपास असतो, जाड जॅकेट हवं, आणि गॉगल तर हवाच, बर्फावरून येणारं ऊन डोळ्यांना फार त्रास देतं.

चालायला निघाल तेव्हा पिवळ्या पाट्यांवर लक्ष ठेवा. त्यावर किलोमीटर नाही, वेळ लिहिलेली असते, आणि त्यात थांबणं धरलेलं नसतं. पाटीवर दीड तास असेल तर मी आमच्या लोकांसाठी सव्वादोन तास धरतो. पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला की समजा डोंगरी वाट आहे, ग्रिपवाले बूट पाहिजेत, चपला-सँडल नको. शेवटची केबल कार किती वाजता हे वर चढण्याआधी विचारा, ती चुकली तर गुडघ्यांवर हजारेक मीटर उतरावं लागू शकतं.

हिवाळ्यात स्कीइंग येत नाही म्हणून निराश होऊ नका, लाकडी स्लेज भाड्याने मिळते. पण जीन्स घालून बसू नका, दहा मिनिटांत ओली होते. ब्रेक म्हणजे तुमच्या टाचा, म्हणून घोट्यावर चढणारे बूट. फाउलहॉर्न शिखरावरून ग्रिंडेलवाल्डपर्यंतचा १५ किलोमीटरचा स्लेजरस्ता खूप नावाजलेला आहे, पण त्यासाठी फर्स्टवरून अडीचेक तास बर्फातून स्लेज ओढत चढावं लागतं, पहिल्याच दिवशी तो नको. पायी फिरायचं तर गुलाबी पाट्यांच्या वाटा धरा, स्कीच्या उतारावर चालू नका, वरून येणाऱ्याला थांबता येत नाही.

पासबद्दलही गैरसमज आहे. स्विस ट्रॅव्हल पासवर ग्रिंडेलवाल्ड, वेंगेन, म्युरेन या डोंगरातल्या गावांपर्यंत फुकट, पुढे युंगफ्राउयोखला २५ टक्के सूट, पूर्ण फुकट नाही. थुन आणि ब्रिएन्झच्या बोटी मात्र पासात येतात आणि हे बरेच जण विसरतात.

ल्युचिने नदी उथळ दिसली तरी पाय घालायला उतरू नका, पाणी हिमनदीचं आणि ओढ जबरदस्त. वासरू असलेल्या गायीच्या जवळ सेल्फीसाठी जाऊ नका. कुरणाचं फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या. इन्शुरन्समध्ये डोंगरातल्या हेलिकॉप्टर बचावाचा खर्च धरलाय का ते निघायच्या आधी तपासा, आणि फोनमध्ये दोन नंबर सेव्ह करा: आपत्कालीन मदतीसाठी ११२, आणि हेलिकॉप्टर बचावासाठी रेगा या स्विस हवाई बचाव संस्थेचा १४१४.