एडीएचडी आणि जुना ट्रॉमा: थेरपीत या चुका टाळा

थेरपिस्टने मला एक वही दिली होती. रोज रात्री दिवसभरातले विचार तीन रकान्यांत लिहायचे. पहिल्या आठवड्यात दोन दिवस लिहिलं, दुसऱ्या आठवड्यात वही ऑफिसच्या बॅगेतच राहिली, तिसऱ्या आठवड्यात ती सापडेना. चौथ्या सेशनला मी गेलेच नाही. पोटात जो गोळा आला होता, तो पाचवीत गृहपाठाची वही घरी विसरल्यावर यायचा तोच. वय मात्र ३९.

वेळेवर या, आठवडाभरात काय झालं ते आठवून सांगा, घरी सराव करा. थेरपीची ही नेहमीची रीत एडीएचडीच्या (लक्ष टिकवणं, आठवण ठेवणं, वेळ पाळणं अवघड जाणाऱ्या) मेंदूला जिथे जड जातं, नेमकी तिथेच उभी असते. ती जमली नाही की 'पेशंटला बदलायचंच नाही' असा अर्थ निघतो. त्यात लहानपण मार, धाक, टोमणे यांत गेलेलं असेल, म्हणजे जुना ट्रॉमा (मनावरची खोल जखम) असेल, तर थेरपीची खोलीही वर्गासारखी वाटू लागते.

चूक: सराव झाला नाही, म्हणून जायचंच नाही

सगळ्यात जास्त माणसं इथे गळतात, असं माझं मत. उपाय साधा आहे, पण तोंडातून निघायला अवघड: आत गेल्या गेल्या 'झालं नाही' एवढंच सांगायचं. का झालं नाही याची रामकहाणी नको. मग दोघांनी मिळून बघायचं की अडलं कुठे. वही डोळ्यांआड गेली? तीन रकाने बघूनच कंटाळा आला? की लिहायला बसल्यावर नको ते आठवायला लागलं? पहिली दोन कारणं एडीएचडीची, तिसरं ट्रॉमाचं, आणि तिन्हींचे उपाय वेगळे. वही हरवत असेल तर लिहिण्याऐवजी फोनवर बोलून रेकॉर्ड करा. कंटाळा येत असेल तर सराव सेशनमध्येच, थेरपिस्टसमोर करून टाका. आठवणी वर येत असतील तर तो सराव एकट्याने करायचा नाहीच. तो थांबवा आणि तसं सांगा.

वेळेचंही तसंच. आदल्या दिवशी आणि तासभर आधी मेसेज पाठवाल का, असं विचारायला लाजू नका. उशिरा पोचल्यास उरलेला वेळ मिळेल की सेशन रद्द होईल आणि पैसे किती कापले जातील, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. सेशनची शेवटची पाच मिनिटं 'आज काय ठरलं' ते फोनमध्ये टिपायला मागून घ्या. जिना उतरेपर्यंत निम्मं उडून जातं, हा माझा अनुभव.

चूक: एडीएचडी की ट्रॉमा, यातलं एकच खरं मानणं

दोन्हींत लक्ष उडतं, झोप बिघडते, राग पटकन येतो, समोरचा बोलत असताना आपण भलतीकडेच असतो. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकानुसार एडीएचडीची काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली असावी लागतात. पण घरातला त्रासही बऱ्याचदा त्याच वयात सुरू झालेला असतो, म्हणून नुसत्या वयावरून निकाल लागत नाही. बारकाईने बघायचं ते वेगळंच. सगळं शांत असताना, सुट्टीत, आवडत्या माणसांतही लक्ष उडतं का? की विशिष्ट आवाज, वास, चढलेला सूर यांनंतरच डोकं बधिर होतं? आणि पुष्कळांच्या बाबतीत दोन्ही खरं निघतं. धांदरट पोराला मारही जास्त बसतो, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

तपासणीला जाताना जुनी प्रगतिपुस्तकं शोधून न्या. 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही', 'वर्गात बडबड करते' हे शेरे सोन्याच्या मोलाचे आहेत. डॉक्टर बहुधा आईवडिलांना विचारा म्हणतील. त्रास ज्या घरात झाला, त्याच घरी जाऊन 'मी लहानपणी कशी होते' विचारायची सक्ती स्वतःवर करू नका. एखादी मावशी, शाळेतली मैत्रीण, मोठा भाऊ चालतो. आणि इंटरनेटवरची सहा प्रश्नांची चाचणी म्हणजे फक्त चाळण, तिला निदान समजू नका.

चूक: गोळी आणि थेरपी यांची एकमेकांना ओळखच न करून देणं

मिथाइलफेनिडेट या एडीएचडीच्या औषधाने लक्ष टिकतं, पण नाडीही वाढू शकते. ज्याच्या शरीराने धडधड म्हणजे धोका असं शिकून ठेवलंय, त्याला ती भीतीसारखी वाटू शकते. हे मानसोपचारतज्ज्ञांना सांगा. मात्रा बदलता येते, वेगळ्या प्रकारची औषधंही असतात. आपल्या मनाने सुरू-बंद करू नका. डॉक्टर आणि थेरपिस्ट दोघांनी एकमेकांशी बोलायला तुमची संमती लागते, ती लेखी देऊन टाका.

चूक: डोळे मिटून श्वासावर लक्ष देता येत नाही, म्हणून आपल्यातच खोट शोधणं

एडीएचडीला ते कंटाळवाणं, ट्रॉमाला ते भीतीचं. डोळे उघडे ठेवा, पाय जमिनीवर दाबा, चाला, मटार सोला. ईएमडीआर (आठवण मनात धरून डोळे डावी-उजवीकडे फिरवायची ट्रॉमाची थेरपी) ही पद्धत काहींना सोपी जाते, कारण तीत घटना सविस्तर सांगावी लागत नाही आणि घरचा अभ्यासही नसतो. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पीटीएसडीसाठी (ट्रॉमानंतर मागे राहणाऱ्या मानसिक आजारासाठी) तिची शिफारस केली आहे. मात्र आधी मन सावरायच्या युक्त्या हातात असू द्या. पहिल्याच भेटीत खोल शिरणाऱ्याला थांबवा. अवघड सेशननंतर लगेच दुचाकीला किक मारू नका, पंधरा मिनिटं चहा प्या.

चूक: 'न्यूरो-अफर्मिंग' म्हणजे सगळ्याला मान डोलावणं

न्यूरो-अफर्मिंग थेरपी म्हणजे वेगळ्या ठेवणीच्या मेंदूला मोडका न मानणारी थेरपी. तिच्यामागचा मेंदूंच्या विविधतेचा विचार १९९० च्या दशकात, मुख्यतः ऑटिस्टिक लोकांच्या आपसांतल्या चर्चांतून पुढे आला. तुम्ही मोडके नाही, हा त्याचा गाभा. नजरेला नजर देण्याची सक्ती नाही, हातात काही चाळवत बसलात तरी चालेल. पण वीजबिल तीन महिने थकलंय आणि नवऱ्यावर रोज आरडाओरडा होतोय, तर त्यावर काम करावंच लागतं. जो थेरपिस्ट नुसतं 'तुम्ही छान आहात' म्हणतो, त्याची फी मला जड वाटते.

पहिल्या फोनवर विचारा: एडीएचडी असलेल्या मोठ्या माणसांबरोबर काम केलंय का? सराव जमला नाही तर काय करता? 'शिस्त लागली की सगळं होतं' असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्यांना आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक विचारण्यात गैर काही नाही.

थेरपी सुरू असताना दिवसेंदिवस झोप उडाली, जीव नकोसा वाटू लागला, तर पुढच्या सेशनची वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

आणि गायब झाला असाल तर

हे कॉपी करून पाठवा: 'मॅडम, मी मध्येच यायची थांबले. सराव झाला नव्हता, म्हणून तोंड दाखवायला लाज वाटली. पुन्हा वेळ मिळेल का?' मला हा निरोप पाठवायला सात महिने लागले. उत्तर चाळीस मिनिटांत आलं. बुधवारी साडेपाचला या, वही नको.