वळवाच्या आधी पहिली-दुसरीला विजेपासून वाचायला शिकवायचं आहे? मग एवढं करा

हे काम एप्रिलमध्येच उरका. जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत थांबलात तर वळीव होऊन गेलेला असतो. आपल्याकडे मराठवाड्यात वळवाच्या विजा बहुतेक दुपार कलल्यावर येतात, आणि सुट्टीतली पोरं तेव्हा शेळ्यांमागे असतात नाहीतर आंब्याखाली. वारं सुटलं की पाड गळतो, म्हणजे नेमकी नको त्या वेळी ती झाडाकडे पळतात.

सगळ्यात आधी, कुठे जायचं ते ठरवा. मागच्या वेळी मी ‘काय करू नये’ हेच शिकवत बसलो. झाडाखाली नाही, खांबाजवळ नाही, पाण्यात नाही. पोरांनी घडाघडा पाठ केलं. पुढे एकदा आभाळ गडगडलं तेव्हा ती लिंबाखालून शहाण्यासारखी निघाली आणि मैदानात मधोमध जाऊन उभी राहिली. जायचं कुठे, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? तेव्हा नकारांची यादी दोन मिनिटांत संपवा आणि उरलेला सगळा वेळ ‘कुठे’ला द्या.

आणि ते फळ्यावर नको, चालत जाऊन दाखवा. मैदानातून वर्गात, व्हरांड्यात नाही, आत. खिडकीच्या गजांना आणि नळाला हात लावायचा नाही. शाळेच्या वाटेवर कुणाचं पक्कं घर आहे ते बघून ठेवा, घरमालकाला आधी सांगून ठेवा, नाहीतर पोरं दारात घुटमळतात. शेतात आखाड्यावर, म्हणजे रानातल्या वस्तीवर, भिंतींची खोली असेल तर ती. चार खांबांवर पत्रे टाकलेला गोठा चालत नाही, हे तीनदा सांगा, कारण पावसापासून तो वाचवतो म्हणून मुलांना तो घरासारखाच वाटतो. काचा लावलेली जीप किंवा एसटी चालते, ट्रॅक्टर आणि मोटारसायकल नाही.

मग एकेकाला वेगळं विचारा: “तू तुमच्या विहिरीपाशी आहेस, ढग गडगडला, कुठे जाशील?” ‘घरी’ हे उत्तर घेऊ नका. घर लांब असेल तर मध्ये काय आहे? काहीच नसेल तर ढग दाटलेल्या दुपारी त्या पोराला तिकडे पाठवायचंच नाही, आणि हे पोराला नव्हे, त्याच्या बापाला सांगायचं.

नियम एकच ठेवा: गडगडाट ऐकू आला की आत. वीज चमकल्यापासून आवाजापर्यंत सेकंद मोजायचे, तीन सेकंदांना एक किलोमीटर, हा हिशेब बरोबर आहे, पण पहिलीतलं पोर मोजतच उभं राहतं. शिवाय गडगडाट ऐकू येतो म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचू शकते, डोक्यावर ऊन असलं तरी.

उकिडवं बसण्याची कवायत मात्र जपून. पोरांना ती फार आवडते, बेडकासारखी टुणकन बसतात. पुढच्या वेळी पळायचं सोडून रानातच बसतील. ते अगदी काहीच जवळ नसताना, नाइलाजाने. त्यानेही माणूस सुरक्षित होतो असं नाही. लहान वर्गात मी आता ते दाखवतच नाही. कुठे जायचं, तेच पुन्हा विचारतो.

शेळी. “शेळी सोडून ये” हे शब्द मोठ्या माणसाच्या तोंडून पोराने ऐकलेले असले पाहिजेत. शेळी हरवली तर मार बसेल ही भीती विजेपेक्षा मोठी असते. पालकसभेत आईबापांकडून हे कबूल करून घ्या. देशात दर वर्षी २,००० हून जास्त माणसं विजेने मरतात हा आकडाही तिथेच सांगा, वर्गात नको. वर्गात व्हिडिओही नकोत.

पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसावर वीज पडते, असं कुणाची तरी आजी सांगतेच. वर्गात एखादं पायाळू पोर असतं आणि बाकीची त्याच्यापासून लांब सरकतात. हे आपणहून काढा आणि खोडा. वीज उंच आणि एकट्या उभ्या वस्तूकडे जायला बघते, कोण कसं जन्मलं हे तिला कळत नाही.

भूकंप त्याच दिवशी शिकवू नका. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर आपल्या भागात घरोघरी ‘हाललं की बाहेर’ हेच सांगितलं जातं. विजेला ‘आत’ म्हणायचं. दोन्ही एका तासात घेतलं की पोरं उलटसुलट करतात. मध्ये महिना जाऊ द्या.

बाकीचं पटकन. पालकांच्या फोनवर ‘दामिनी’ ॲप टाकून द्या, पुण्याच्या आयआयटीएम या सरकारी हवामान संशोधन संस्थेचं आहे, जवळपासच्या विजा दाखवतं. वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसत नाही, हे मोठ्यांना सांगा आणि १०८ नंबर द्या. लहानांनी फक्त हाका मारायच्या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. लहानांना अर्धा तास कळत नाही, म्हणून ‘मोठं माणूस सांगेपर्यंत’.

ऑक्टोबरात पुन्हा एकदा. सोयाबीनच्या ढिगावर ताडपत्री टाकायला अख्खं घर धावतं, पोरं मागून. तेव्हाही तोच प्रश्न विचारायचा: कुठे जाशील?