सर्व्हेवर उभे असलेले युक्तिवाद सोडवताना या चुका टाळा

क्लॅट (कायद्याची प्रवेश परीक्षा) किंवा जीमॅटच्या (मॅनेजमेंटची प्रवेश परीक्षा) तर्काच्या प्रश्नांत एखादा सर्व्हे आला की बॅच कुठलीही असो, मुलं त्याच त्या ठिकाणी अडखळतात. सगळ्यात जास्त मार्क घालवणारी चूक आधी घेते.

‘सॅम्पल छोटं आहे’ म्हणून मोकळं होणं

सॅम्पल म्हणजे सर्व्हेत प्रत्यक्ष विचारलेली माणसं. वर्गात मी हा प्रश्न हमखास देते: ‘सार्वजनिक वाचनालयात आलेल्या २००० लोकांना विचारलं. त्यातले ८० टक्के रोज काही ना काही वाचतात. म्हणजे या शहरातले बहुतेक लोक रोज वाचतात.’ यात खोट कुठे आहे? एक ऑप्शन म्हणतो, शहराच्या मानाने २००० लोक फारच कमी आहेत. दुसरा म्हणतो, वाचनालयात येणारे लोक वाचनाच्या बाबतीत बाकीच्या शहरासारखे असतीलच असं नाही.

एकदा जवळजवळ अख्ख्या वर्गाने पहिला ऑप्शन घेतला. एक हुशार मुलगा तर हटूनच बसला. “मॅडम, शहर ३० लाखांचं आहे. २००० म्हणजे एक टक्काही होत नाही.” मी फळ्यावरचे २००० पुसून २ लाख केले. “आता?” तो म्हणाला, “आता चालेल.” “मग शहरातले बहुतेक लोक रोज वाचतात हे सिद्ध झालं?” तो थांबला. दोन लाख झाले तरी सगळे वाचनालयाच्याच दारातून आलेले, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

त्या दिवशी पुढचा तास मी १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षपदाच्या निवडणुकीवर घेतला. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना नमुना मतपत्रिका पाठवल्या. २० लाखांहून जास्त भरून परत आल्या. त्यावरून त्यांनी जाहीर केलं की आल्फ लँडन ५७ टक्के मतं घेऊन जिंकणार. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट जिंकले, तेही ४८ पैकी ४६ राज्यांत. साप्ताहिकाने नावं घेतली होती मुख्यतः टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. ऐन मंदीच्या काळात घरी फोन आणि दारात गाडी असलेला माणूस खाऊनपिऊन सुखी होता, आणि रूझवेल्टना मोठा आधार होता तो गरिबांचा. त्यात मतपत्रिका मिळालेल्यांपैकी जेमतेम चौथाईने उत्तर पाठवलं. याउलट मतचाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान सॅम्पल घेऊन रूझवेल्ट जिंकणार हे बरोबर सांगितलं होतं.

शितावरून भाताची परीक्षा होते ती भात सगळीकडे सारखा शिजलेला असतो म्हणून. पातेलं केवढं आहे याने फरक पडत नाही. खरोखर रँडम, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेले हजारेक लोक असले, तर मोठ्या देशाची टक्केवारीसुद्धा बहुतेक वेळा तीनेक टक्के इकडेतिकडे एवढ्या फरकाने कळते. आकाराचा आक्षेप खरा ठरतो तो ‘माझ्या तीन मैत्रिणींना विचारलं’ अशा ठिकाणी.

माझी सवय साधी आहे. ऑप्शन वाचण्याआधी समासात लिहायचं: ‘ही माणसं सापडली कुठे?’ एका ओळीत उत्तर लिहायचं, मगच खाली उतरायचं. घाईची मुलं म्हणतात की यात वेळ जातो. दोन ऑप्शनांमध्ये घुटमळण्यात याहून जास्त वेळ जातो, हे मी त्यांच्याच पेपरांत रोज बघते.

कुठलाही फरक दिसला की आक्षेप घेणं

ही चूक जरा पुढे गेलेली मुलं करतात. समजा, पुण्यातल्या एका कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर चाचणी झाली आणि निष्कर्ष निघाला की बारीक अक्षर वाचायला लोकांना अडचण येत नाही. ‘सगळे विद्यार्थी पुण्याचे होते’ हा फरक खरा आहे, पण निरुपयोगी. पुण्याच्या आणि नागपूरच्या डोळ्यांत फरक असायचं कारण नाही. ‘सगळे विशीच्या आसपासचे होते’ हा फरक मात्र युक्तिवाद पाडतो, कारण चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होत जातं. निष्कर्ष ज्या गटाबद्दल आहे, त्याच्याशी सॅम्पल सगळ्याच बाबतीत जुळावं लागत नाही. ज्या गोष्टीबद्दल दावा आहे, तिच्यावर परिणाम करणाऱ्या बाबींत जुळावं लागतं. म्हणून ‘या फरकाने उत्तर बदलेल का?’ एवढं विचारल्याशिवाय पेन्सिल टेकवू नका.

निष्कर्ष कोणाबद्दल आहे ते न बघणं

वरचाच वाचनालयाचा सर्व्हे घ्या. निष्कर्ष ‘वाचनालयात येणारे बहुतेक लोक रोज वाचतात’ एवढाच असता, तर तो आक्षेप गळून पडला असता. निष्कर्षातल्या गटाखाली रेघ मारा.

‘सर्व्हे’ शब्द दिसला की सॅम्पलची चूक धरणं

‘हा शब्द दिसला की हे उत्तर’ असे तक्ते मुलं एकमेकांना फॉरवर्ड करतात. मला ते अजिबात पटत नाहीत. सॅम्पल उत्तम असूनही दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीला दुसरीचं कारण ठरवलेलं असू शकतं. प्रश्नच झुकता विचारलेला असू शकतो. त्या चुका वेगळ्या आहेत.

युक्तिवाद बळकट करा म्हटल्यावर सॅम्पल विसरणं

‘सॅम्पलमधल्या वयोगटांचं प्रमाण शहराइतकंच आहे’ हा ऑप्शन नीरस दिसतो म्हणून सोडून देतात. वय महत्त्वाचं असेल तिथे बरेचदा तोच बरोबर असतो.

यशस्वी झालेल्यांकडेच बघून सगळ्यांबद्दल बोलणं

‘पहिल्या शंभरात आलेल्या बहुतेकांनी क्लास लावला नव्हता, म्हणजे क्लास न लावणं फायद्याचं’ हा युक्तिवाद मुलांना फार आवडतो. क्लास न लावता नापास झालेल्यांची मुलाखत कोणी घेतलेली नसते. इथे प्रमाण काढून बघायचं: क्लास न लावणारे एकूण किती, त्यातले किती आले, आणि लावणारे एकूण किती, त्यातले किती आले. उताऱ्यात यातला एकच आकडा दिला असेल, तर उरलेल्या आकड्यांबद्दल बोलणारा ऑप्शन शोधा.