बोटीची जुनी केबिन: पॉलिशच्या आधी गळती

नर्मदेच्या फुगवट्यात (धरणामागे साठलेल्या पाण्यात), धडगाव-अक्कलकुव्याकडे चालणाऱ्या बोटीची केबिन बहुधा नदीच्या पाण्याने कुजत नाही, पावसाच्या पाण्याने कुजते. छतावर पाइपने पाणी सोडा आणि आत बसून खिडकीच्या चौकटी, छताचे स्क्रू, कठड्याचे बोल्ट तपासा. गळती थांबेपर्यंत व्हार्निशचा डबा उघडूच नका.

मग बारीक स्क्रूड्रायव्हर टोचत जा. मऊ लागेल तो भाग कापा, भोवतालचं ५ सेंमी धड लाकूडही घ्या. काढलेल्या फळीमागे क्रमांक घाला. तीच नवीचा साचा.

भिंतीला ६ मिमी, बाकाला १२ मिमी मरीन प्लाय (पाण्याला टिकणारा प्लाय), त्याच्या भारतीय मानकाचा ‘आय.एस. ७१०’ शिक्का पाहूनच. कापलेल्या कडांना इपॉक्सीचे (रेझिन आणि हार्डनर कालवून होणाऱ्या लेपाचे) दोन हात द्या. सुतार नेमकं हेच टाळतात, आणि प्लाय कडेनेच फुगतो. प्लाय थेट बोटीच्या भिंतीला ठोकू नका. २० मिमी पट्ट्यांवर बसवा, खाली-वर भोकं ठेवा, हवा खेळेल.

खानदेशी मे महिन्यात सागवान सुकून आक्रसतं. तेव्हा घट्ट बसवलेल्या फळ्या श्रावणात फुगून उचलतात, म्हणून सांध्यात २ मिमी फट ठेवा. इपॉक्सी एका वेळी १०० ग्रॅमच कालवा, तेही पहाटे. दुपारी ते डब्यातच तापून घट्ट होतं.

व्हार्निशचा पहिला हात निम्मं थिनर घालून, पुढचे चार जवळपास थिनरशिवाय. मध्ये २४ तास आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर. दारं उघडी ठेवा, विडी बाहेर.