जर्मनीत ड्रायव्हिंग लायसन्ससाठी पत्त्याचा पुरावा

ठाण्यात लीव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार दाखवला की बहुतेक कामं होतात. जर्मनीत नुसता भाडेकरार चालत नाही. घरमालकाच्या सहीचं वेगळं पत्र लागतं, नाव जिभेला त्रास देणारं: ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’. पोटभाड्याने राहत असाल, तर मूळ भाडेकरू सही करतो. खोली देणारे काहीजण नेमके इथेच टाळाटाळ करतात, म्हणून पैसे देण्याआधी विचारा.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत हे पत्र आणि पासपोर्ट घेऊन ब्युर्गरआम्टमध्ये (नागरिक सेवा कार्यालयात) पत्त्याची नोंदणी करा. तिथला दाखला हाच पुरावा. पत्रपेटीवर नाव लगेच चिकटवा, नाहीतर टपाल परत जातं.

एमएच-०४चं लायसन्स तिथे सहाच महिने चालतं. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा.