पूलच्या टेबलावर कमावलेलं कॅसिनोत का जातं? या चुका टाळा

अमेरिकेत पूलची, म्हणजे क्यूने (लांब काठीने) टेबलावरचे बॉल भोकात पाडायच्या खेळाची, मोठी स्पर्धा खेळायला जायचं म्हणजे कॅसिनोत मुक्कामाला जायचं, हे आता ठरल्यासारखंच आहे. डर्बी सिटी क्लासिक गेली अनेक वर्षं दक्षिण इंडियानातल्या एका कॅसिनो हॉटेलात भरते. यूएस ओपन नाईन बॉल २०१९ मध्ये लास वेगासच्या मँडले बेमध्ये झाली, पुढे अटलांटिक सिटीच्या हॅराजमध्ये. हौशी लीगच्या स्पर्धांचं माहेरघर तर वेगासच. शेकडो टेबलं मावतील असा हॉल आणि हजारो खोल्या एका छताखाली दुसरीकडे मिळतात कुठे? शिवाय रात्रभर जागणारी, खिशात रोकड बाळगणारी आणि पैसे लावायची सवय असलेली इतकी माणसं एकदम येणार असतील, तर कुठलं कॅसिनो नको म्हणेल? खोलीतून स्पर्धेच्या हॉलकडे जायची वाट स्लॉट मशिनांच्या रांगांमधूनच जाते.

यात बुडणारे खेळाडू भोळे नसतात, हे आधी समजून घ्या. पैशावर गेम खेळून ते तयार झालेले असतात, समोरच्याची ताकद दोन शॉटांत ओळखतात, दहा गेम मागे पडूनही डगमगत नाहीत. घोळ असा की टेबलावर कामाला येणारे हेच गुण कॅसिनोत त्यांना खड्ड्यात घालतात. खालच्या बहुतेक चुका त्यातूनच आल्यात.

‘मी पैशावरच खेळतो, मला जुगार शिकवू नका’

पैशाचा गेम ब्रेकच्या (पहिल्या फटक्याच्या) आधीच निम्मा जिंकला किंवा हरला जातो. तू नऊ नंबरऐवजी आठ नंबरचा बॉल पाडूनही जिंकशील, ब्रेक सगळे तुझे, रेस टू नाईनमध्ये (जो आधी नऊ गेम जिंकेल तो विजेता) दोन गेम तुला वर... ही घासाघीस म्हणजेच खरी कला. मुरलेला खेळाडू आपल्या बाजूने थोडं झुकतं माप पडेपर्यंत क्यू हातात घेत नाही, आणि तसं जमत नसेल तर सरळ उठून जातो.

कॅसिनोत ही घासाघीस आधीच होऊन गेलेली असते आणि तुम्हाला कोणी बोलावलेलं नसतं. अमेरिकन रूलेच्या चाकावर ३८ घरं असतात आणि एका आकड्यावर जिंकलात तर ३५ पट मिळतात. प्रत्येक घरावर एकेक डॉलर ठेवलात तर ३८ डॉलर लागतील आणि हातात ३६ परत येतील. हा ५.२६ टक्क्यांचा फरक कायम तुमच्या विरुद्ध. युरोपियन चाकावर शून्य एकच, तिथे तो २.७ टक्के. बॅकरॅट या पत्त्यांच्या खेळात बँकरच्या बाजूवर लावलं तर १.०६, क्रॅप्स या फाशांच्या खेळात पास लाईनवर १.४१. आकडे लहान दिसतात, पण कोणाच्या बाजूला आहेत ते बघा. सुटाबुटातल्या डीलरला ‘जरा मला वजन द्या’ (म्हणजे सवलत द्या) म्हणून पाहा, काय म्हणतो ते.

आर्ची कॅरस या जुगाऱ्याची गोष्ट इथे सांगायलाच हवी. हा ग्रीसच्या केफालोनिया बेटावरचा. डिसेंबर १९९२ मध्ये वेगासला पोचला तेव्हा खिशात ५० डॉलर होते असं सांगतात. ओळखीच्या एकाकडून १०,००० डॉलर उसने घेऊन तो पोकरला बसला, पैसे फेडले आणि मग एका पैसेवाल्याशी पूलचे गेम लावले. बोली हजारोंत सुरू झाली आणि एका रॅकला (एका गेमला) ४०,००० डॉलरपर्यंत चढली. त्यानंतर पुन्हा पोकर, तोही त्या काळच्या नावाजलेल्या खेळाडूंशी. इथवर प्रत्येक डावात समोर एक माणूस होता. कधी खेळायचं, कितीवर खेळायचं, कधी थांबायचं, हे कॅरसच्या हातात होतं.

मग झालं असं, की त्याच्याशी खेळायला कोणी बसेना. त्या बोलीचा खेळ एकच उरला, फासे म्हणजे क्रॅप्स. बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोने त्याच्यासाठी एका फेकीला १,००,००० डॉलरची मर्यादा ठेवली. तिथेही तो काही काळ जिंकला हे खरं आहे, आणि तेच त्याला महागात पडलं. रक्कम ४ कोटी डॉलरपर्यंत गेली. १९९५ मध्ये साधारण तीन आठवड्यांत त्यातले ३ कोटींच्या आसपास उडाले, बहुतेक फाशांवर आणि बॅकरॅटवर. तो काही दिवस ग्रीसला जाऊन आला आणि परतल्यावर उरलेलेही गेले. २०१३ मध्ये सॅन डिएगोजवळच्या एका कॅसिनोत पत्त्यांवर खुणा केल्याच्या आरोपात पकडला गेला, २०१५ मध्ये नेवाडाच्या (वेगास ज्या राज्यात आहे त्याच्या) कॅसिनोबंदीच्या काळ्या यादीत नाव लागलं आणि २०२४ मध्ये वारला. लोक ही गोष्ट ५० डॉलरचे ४ कोटी कसे झाले म्हणून रंगवून सांगतात. मला तिच्यातलं एकच वळण महत्त्वाचं वाटतं: समोरचा माणूस उठून गेला आणि हा टेबलावर बसूनच राहिला.

उपाय साधा आहे. समोर माणूस नसेल आणि अट बदलता येत नसेल, तर तो करमणुकीचा खर्च आहे असं धरा आणि सिनेमाच्या तिकिटासारखे पैसे आधीच बाजूला काढा.

जास्त वेळ बसलो की वसूल होतं, हा भ्रम

१९९६ मध्ये हाँगकाँगला एफ्रेन रेयेस आणि अर्ल स्ट्रिकलंड या पूलच्या नामवंत खेळाडूंत १२० गेमची रेस झाली, म्हणजे जो आधी १२० गेम जिंकेल तो विजेता. १,००,००० डॉलर, सगळे जिंकणाऱ्याला. रेयेस बराच मागे पडूनही १२०–११७ ने जिंकला. पूलवाल्यांच्या मनावर असल्या मॅचेसचा मोठा पगडा आहे. रेस जितकी लांब तितकी नशिबाची ढवळाढवळ कमी आणि चांगल्या खेळाडूचं पारडं जड, हे बरोबरच आहे.

हाच हिशेब कॅसिनोत लावा. तिथे चांगला खेळाडू कोण? कॅसिनो. मग लांब रेस कोणाच्या फायद्याची? तरी पहाटे चारला टेबलावर ‘आता फिरेल’ म्हणत बसलेले क्यूवाले दिसतातच.

यालाच जोडून, भरपूर खेळणाऱ्याला कॅसिनो देतं त्या ‘फुकट’ खोलीचं बघू. बॅकरॅटला १०० डॉलरचा डाव, तासाला ७० डाव, चार तास. एकूण लावलेली रक्कम २८,००० डॉलर. तिच्यावर सरासरी १.२ टक्के धरले तर कॅसिनोच्या वहीत तुमचा अपेक्षित तोटा ३३६ डॉलर. त्या रात्री तुम्ही २,००० जिंकलात की हरलात याच्याशी खोलीचा संबंध नसतो. या ३३६ मधला काही भाग जेवण किंवा खोलीच्या रूपात परत येतो, एवढंच. म्हणून प्लेअर्स कार्डावर (तुमच्या खेळाची नोंद ठेवणाऱ्या कॅसिनोच्या कार्डावर) मिळालेलं जेवण आपल्या जमाखर्चात ‘जमा’ बाजूला लिहू नका.

लूजर्स साईडचा रिकामा वेळ

याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, आणि माझ्या मते सर्वांत जास्त पैसे इथेच जातात. डबल एलिमिनेशनच्या स्पर्धेत दोनदा हरल्यावरच बाहेर पडावं लागतं, एकदा हरलेले लूजर्स साईडला खेळत राहतात. तिथे सकाळी अकराला हरलात की पुढची मॅच कधीकधी रात्री नऊला असते. डोकं तापलेलं, प्रवेश फी गेल्यात जमा, मित्र आपापल्या मॅचला. दहा तास काढायचे कुठे? खाली, कॅसिनोत.

म्हणून राहायची सोय जमल्यास पलीकडच्या साध्या हॉटेलात करा, चालावं लागलं तरी चालेल. रोजच्या खर्चाची रोकड पाकिटात, बाकी पैसे खोलीच्या तिजोरीत आणि कार्ड सोबत्याकडे. हरल्यावर पहिली गोष्ट जेवण, दुसरी झोप. पैशाच्या गेमला सुद्धा त्या अवस्थेत हो म्हणू नका.

न मिळालेलं बक्षीस खर्च करणं

२००६ मध्ये आयपीटी नावाच्या नव्या टूरने पूलमध्ये कधी न ऐकलेले आकडे आणले. वेगासच्या स्पर्धेत टॉर्स्टन होमन यांना पहिलं बक्षीस ३,५०,००० डॉलर, रीनोमध्ये रेयेसना ५,००,००० डॉलर. रीनोनंतर टूरने सांगितलं की पैसे एकदम देता येणार नाहीत, हप्त्याने देऊ. टूर लवकरच बंद पडली. तोवर बक्षिसाच्या भरवशावर उसनवारी केलेल्यांचं काय झालं असेल, कल्पना करा.

आणि बक्षीस वेळेवर आलं तरी पुरतं हातात येत नाही. अमेरिकेत परदेशी खेळाडूच्या बक्षिसातून साधारणपणे ३० टक्के कर आधीच कापला जातो. विमान, हॉटेल, प्रवेश फी काढा. कॅलकटा लावलात, म्हणजे खेळाडूंच्या लिलावात स्वतःचा निम्मा भाग विकत घेतलात, तर लवकर हरल्यावर एकाच पराभवाचे पैसे दोनदा गेलेले असतात. पूलच्या जगज्जेतेपदाचं पहिलं बक्षीस २०२३ मध्ये ६०,००० डॉलर होतं, २०२४ मध्ये जेद्दाहला ते २,५०,००० झालं. पण असा खेळाडू वर्षाला एकच. बाकीच्यांचा संसार छोट्या बक्षिसांवर, शिकवण्यांवर आणि क्यूच्या कंपन्यांवर चालतो.

दुसऱ्याचे पैसे आणि आपले पैसे एका खिशात

अमेरिकेत पैसे लावणाऱ्याला स्टेकहॉर्स म्हणतात. नेहमीचा करार तोंडी असतो: हरलो तर तुझे गेले, जिंकलो तर खर्च काढून निम्मे निम्मे. पूलसाठी दिलेल्या पैशातून खेळाडू क्रॅप्सच्या टेबलावर गेला की मात्र हा करार मोडतो, मग तो जिंको वा हरो. पूलचं जग लहान आहे, बातमी आठवड्याच्या आत सगळीकडे जाते आणि पुन्हा कोणी पाठीशी उभं राहत नाही. वेगळं पाकीट ठेवा आणि रोज रात्री फोनवर हिशेब पाठवा. एवढं पुरतं.

मार्कर म्हणजे उधारी नव्हे

कॅसिनो तुमच्या सहीवर चिप (पैशाऐवजी खेळायची टोकनं) देतं, तो कागद म्हणजे मार्कर. पूल पार्लरच्या गल्ल्यावर चहाची उधारी लिहितात तसा तो वाटतो. नेवाडात मार्कर कायद्याने चेकसारखाच धरला जातो. वटला नाही तर फौजदारी खटला होऊ शकतो, आणि ज्याला दर वर्षी व्हिसा घेऊन स्पर्धेला यायचंय त्याने हे दोनदा वाचावं. मार्करवर सही करूच नका.

आतली खबर

स्नूकरचे (पूलसारख्याच क्यूच्या खेळाचे) खेळाडू विली थॉर्न यांनी एकदा जॉन पॅरट या दुसऱ्या खेळाडूच्या विरुद्ध ३८,००० पौंड लावले, कारण पॅरटची क्यू हरवल्याचं त्यांना कळलं होतं. पॅरट दुसऱ्याच क्यूने खेळला आणि जिंकला, आणि त्या मॅचचं समालोचन थॉर्नच करत होते. पुढे ते दिवाळखोर झाले, २०२० मध्ये वारले. आज व्यावसायिक स्नूकरपटूला स्नूकरवर पैसे लावायलाच बंदी आहे. २०२३ मध्ये मॅच फिक्सिंगच्या प्रकरणात दहा चिनी खेळाडूंवर कारवाई झाली, त्यातल्या दोघांवर आजन्म बंदी. कर्जात असलेल्या खेळाडूलाच असले फोन येतात.

मांडवीवर जाणाऱ्यांसाठी

मुंबई-पुण्याच्या खेळाडूंना वेगास लांब, पणजी जवळ. मांडवीतल्या जहाजांवर थेट टेबलं आहेत. जीएसटीचा दर ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे, आणि तो चिप घेतानाच लागतो. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आणि वर सेस, शिवाय हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. शनिवारी २ लाख जिंकले, रविवारी तेवढेच हरले, तर हातात शून्य आणि कायद्याने कर ६२,४०० रुपये. स्पर्धेचं बक्षीस आणि कॅसिनोची कमाई यांची खाती वेगळी ठेवा, नाहीतर सीए तरी काय करणार?

आधीच अडकला असाल तर

आधी खेळ थांबवा, वसुलीचा विचार नंतर. देणी कागदावर लिहा: कोणाचे, किती, व्याज किती, कायद्याचा धोका कुठे. मार्कर आणि चेक आधी, चढ्या व्याजाचे सावकार त्यानंतर, मित्र शेवटी, पण मित्राला तारीख सांगून. एक कर्ज फेडायला दुसरं काढू नका. क्यू विकू नका, ती रोजीरोटी आहे. बक्षिसं थेट बायकोच्या, आईच्या किंवा भावाच्या खात्यात जातील अशी व्यवस्था वर्षभर तरी ठेवा. अपमान वाटेल, पण चालतं.

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत स्वतःचं नाव कॅसिनोबंदीच्या यादीत घालता येतं. नेवाडात राज्यभराची यादी नाही, तिथे प्रत्येक कॅसिनोला वेगळं सांगावं लागतं. गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमस या जुगार सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या बैठका १९५७ पासून लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाल्या, आता अनेक देशांत होतात. आणि भारतात टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.