म्युझियममधलं जुनं ऑटोमॅटिक पिस्तूल ओळखायचं कसं? (१८९३ ते १९११)

युरोप-अमेरिकेतल्या आर्मी म्युझियममध्ये गेलात की एका कपाटात हमखास पाचसहा विचित्र पिस्तुलं दिसतात, लोक पाटी वाचतात आणि पुढे जातात. पाटी नंतर वाचा. आधी दोनच गोष्टी बघायच्या, मॅगझिन कुठंय आणि गोळी सुटल्यावर नेमकं काय हलतं.

थोडं बॅकग्राउंड. काळ्या दारूची काजळी इतकी साचायची की गोळी सुटली की रिकामी पुंगळी (काडतुसाचं कवच) फेकून पुढचं काडतूस आपोआप भरणारी नाजूक मेकॅनिझम चटकन जाम झाली असती, पण १८८४ मध्ये फ्रान्सच्या व्हिएलनं बिनधुराची दारू काढली, त्याच सुमारास मॅक्सिमनं गोळी सुटतानाच्या उलट्या धक्क्यावर चालणारी मशीनगन करून दाखवली, मग सगळे हेच पिस्तुलात बसवायच्या मागे लागले.

आता मॅगझिन. ट्रिगरच्या पुढे असेल तर बहुतेक माउझर सी९६ नाहीतर बर्गमन. माउझरमध्ये वरून क्लिपनं १० काडतुसं भरायची, हेच चर्चिलनं १८९८ ला सुदानमधल्या ओमदुरमानच्या लढाईत वापरलं. सुरुवातीच्या काही बर्गमनना तर पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टरच नव्हता, गॅसच्या दाबानं ती आपोआप बाहेर येईल हा भरवसा!

मॅगझिन मुठीत आणि मागे भलामोठा फुगवटा असेल तर बोर्शार्ट, १८९३, बर्लिन. वरचा टॉगल (सांध्याचा दांडा) गुडघ्यासारखा दुमडून वर उठतो आणि फुगवट्यात स्प्रिंग आहे. स्विस आर्मीनं बघितलं आणि फार अवजड म्हणून नाकारलं, मग लुगर नावाच्या डिझायनरनं त्यात सुधारणा करून स्प्रिंग मुठीत घेतली, मूठ तिरकी केली आणि १९०० ला स्विसनीच ते घेतलं. म्हणजे टॉगल आहे पण फुगवटा नाही, तर लुगर.

टॉगल नाही, वरचं सगळं कव्हर मागे सरकतं, तर ती स्लाइड, म्हणजे अमेरिकन डिझायनर ब्राउनिंगची डोकॅलिटी. इथे एक फरक कळला पाहिजे. बेल्जियमचं १९०० चं मॉडेल छोटं, ७.६५ मिमीचं, काडतूस हलकं म्हणून नुसतं स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग पुरते. पण सैन्याला दणका हवा होता, आणि जोरदार काडतुसाला ब्रीच (बॅरलचं मागचं तोंड) लगेच उघडली तर पुंगळी फाटते, म्हणून बॅरल आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकून मागे जाणं गरजेचं. कोल्टच्या १९०० मॉडेलमध्ये त्यासाठी बॅरलखाली पुढे-मागे दोन लिंक (जोडणाऱ्या छोट्या कड्या) होत्या आणि सुरुवातीच्या पिसेसमध्ये नेम धरायची मागची साइट दाबली की तीच सेफ्टी!! घोडेस्वारानं ती एका हातानं कशी दाबायची देव जाणे. कोल्टच्या १९११ मॉडेलमध्ये एकच लिंक राहिली, अंगठ्याची सेफ्टी आली, मुठीतही सेफ्टी आली. त्या वर्षीच्या अमेरिकन सैन्याच्या टेस्टमध्ये ६००० गोळ्या झाडल्या, कोल्ट एकदाही अडलं नाही, स्पर्धेतलं सॅव्हेज कंपनीचं पिस्तूल ३७ वेळा अडलं.

माझं लाडकं मात्र मार्स. इंग्लंडच्या गॅबेट-फेअरफॅक्सचं, जेमतेम ८० च्या आसपास बनली. आकारानंच ओळखू येतं, लांबलचक आणि बेढब. मॅगझिनमधून काडतूस आधी मागे ओढायचं, मग वर उचलायचं, मग पुढे ढकलायचं, एवढा खटाटोप. त्या काळातलं सगळ्यात जबरदस्त पिस्तूल, पण धक्का असला की टेस्ट करणारे ब्रिटिश ऑफिसर दुसऱ्यांदा हात लावायला तयार नव्हते, आणि बिचारा शोधक १९०२ मध्ये दिवाळखोर.

आणि हो, बॅरल मागे नाही तर पुढे पळत असेल तर मॅन्लिखर १८९४.

फोटोवरून ओळखताना एकच ट्रॅप, माउझरसारखं दिसतं म्हणून माउझर म्हणू नका. स्पेनचं अ‍ॅस्ट्रा ९०० बाहेरून तसंच दिसतं आणि आतून वेगळं आहे, त्याच्या डाव्या बाजूला सरकणारी प्लेट असते, त्यामुळे डावीकडचा फोटो मिळाल्याशिवाय पैज लावू नका.